बिनस्टारचा दिवस

माझा आवाज मोठा आहे, हे मला कोणी सांगायला नको. लालबागच्या आमच्या शाळेत मी तिसऱ्या मजल्यावर रागावले की तळमजल्यावरचा शिपाई दचकून घड्याळाकडे बघतो, असं सहकारी म्हणायचे. राग कायम नाकावर. त्यामुळे शाळेने ब्रिजचा वर्ग सुरू करायचं ठरवलं तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्या कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्हीच घ्या. तुम्हाला मुलं घाबरतात," त्या म्हणाल्या. इंग्रजी शिकवण्यासाठी माझी ही पात्रता. मी ती कौतुक समजून घरी घेऊन आले.

ब्रिजचा वर्ग म्हणजे काय ते सांगते. आमचा मराठी विभाग वर्षाला एकेका वर्गाने आटत चालला होता. ज्या खोल्यांत एके काळी गिरणी कामगारांची मुलं एका बाकावर चार-चार बसली, तिथे आता दहा-बारा डोकी उरली होती. शेवटी व्यवस्थापनाने चौथीनंतरचा मराठी विभागच बंद केला आणि राहिलेल्या नऊ मुलांना पाचवीत थेट इंग्रजी माध्यमात बसवलं. वर्षअखेरीला त्यांची इंग्रजीची वेगळी परीक्षा होणार, लेखी आणि तोंडी. पास झाली तर सहावी इथेच. नाहीतर दाखला काढून दुसरीकडे मराठी शाळा शोधा. हे कागदावर कुठेच नव्हतं, पालकांना तोंडी सांगितलं होतं. त्या परीक्षेसाठी या नऊ जणांना रोज शाळा भरण्याआधी पाऊण तास मी शिकवायचं होतं. खोली म्हणून प्रयोगशाळा मिळाली. उंच स्टुलांवर पाय लोंबकळवत बसायची बिचारी.

माझ्याही मनात त्या भाषेचं एक जुनं दुखणं होतं. मी गिरगावातल्या मराठी शाळेत शिकलेली, वडील सरकारी कचेरीत कारकून. कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्राध्यापिकेने मला उभं करून काहीतरी विचारलं. प्रश्न कळला होता, उत्तरही येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मागच्या मुली हसल्या. मग मी तीन वर्षं घरात कोणाशी धड बोलले नाही, आरशासमोर इंग्रजी बोलायची. या नऊ मुलांवर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढाच माझा हेतू होता. हेतू चांगला होता, असं मी स्वतःला अधूनमधून बजावते. त्याने काही फरक पडत नाही.

त्या नऊ जणांत एक मुलगी होती. घोडपदेवच्या चाळीतून चालत यायची. काडीसारखी अंगलट, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडाचा पट्टा असा की मी फळ्याकडे वळले तरी तो बंद व्हायचा नाही. तिची आई परळच्या एका टॉवरमध्ये दोन घरी स्वयंपाक करायची. ज्या गिरणीच्या जागेवर तो टॉवर उभा राहिला, त्याच गिरणीत मुलीचे आजोबा कामाला होते. वडील तिथेच खाली सिक्युरिटीत. आई कामावरून घरी आली की त्या घरांतल्या गमतीजमती मुलीला सांगायची आणि मुलगी दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला सांगायची. आई म्हणते, पंधराव्या मजल्यावरचं कुत्रं पनीर खातं. आई म्हणते, तिथल्या आजी लिफ्टला घाबरतात, म्हणून खाली उतरतच नाहीत. आई म्हणते, बांगड्याला तिरफळ घातलं नाही तर त्या मेल्याचा उपयोग काय. तिचं प्रत्येक वाक्य "आई म्हणते" इथून सुरू व्हायचं. सगळं मालवणी हेल काढून, हातवारे करून. बाकीची आठ मुलं स्टुलांवरून खाली पडायची हसून.

मला हसू येत नसे असं नाही. पण मी ते दाबायची. माझ्या वर्गात मराठी शब्द चालत नव्हता. मला "बाई" म्हटलेलंसुद्धा चालत नसे, "मिस" म्हणायचं. आणि जे बोलायचं ते पूर्ण वाक्यात. "पूर्ण वाक्यात बोल, इंग्रजीत बोल, नाहीतर गप्प बस." दिवसातून वीस वेळा हे वाक्य माझ्या तोंडून निघायचं. तेही मराठीतच, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मी पालकांना बोलावलं. बहुतेक आयाच आल्या, कामावरून परस्पर, हातात पिशव्या घेऊन. मी नुकतीच एका कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथे टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला सांगितलं होतं की मूल इंग्रजी शिकत नाही याचं कारण त्याचं घर. सकाळी शाळेत शिकलेलं सगळं संध्याकाळी घरच्या भाषेने पुसलं जातं. मला ते लगेच पटलं, कारण त्यात माझा काहीच दोष निघत नव्हता. तेच मी त्या आयांना माझ्या आवाजात ऐकवलं. घरी मराठी बंद. मालवणी तर बंदच बंद. मुलाशी बोलायचं ते इंग्रजीतच बोलायचं.

सगळ्या माना खाली गेल्या. मागच्या स्टुलावरून एक लहानखुरी बाई उठली. पदर कमरेला खोचलेला, हाताला हळदीचे डाग. वेण्यांवरून नाही, पण डोळ्यांवरून मी ओळखलं, ही तिचीच आई.

"बाई, मला इंग्लिश येत नाही ओ. सातवी शिकले मी, ती पण गावाला. मी काय करू?"

सरळ प्रश्न होता. त्याला सरळ उत्तर द्यायचं तर मला आधी विचार करावा लागला असता. पंखा बंद होता, मला पुढचा तास होता, आणि असे प्रश्न विचारणाऱ्यांचा मला रागच यायचा. मी म्हणाले, "येत नसेल तर गप्प बसा. गप्प बसलात तर निदान मुलीचं नुकसान तरी होणार नाही."

दोघी-तिघी हसल्या. ती हसली नाही. "बरं बाई," म्हणाली आणि खाली बसली.

त्या घरांत शाळेतल्या बाईचा शब्द म्हणजे काय असतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. डॉक्टर सांगतो त्यातलं अर्धं ऐकतील, नवऱ्याचं त्याहून कमी. पण लेकराच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ते देवापुढे नारळ ठेवून बोललेल्या नवसासारखं पाळतात. मी इतकी वर्षं गिरणगावात शिकवत होते. मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

कामाला शिस्त हवी म्हणून मी एक तक्ता काढला. महिन्याचं एक पान, दिवसाचा एक चौकोन. दिवसभरात घरचे मोठे मुलाशी एकही मराठी शब्द बोलले नाहीत, तर मुलाने त्या चौकोनात सोनेरी स्टार चिकटवायचा आणि बाजूला पालकाने सही करायची. रविवारसुद्धा सुटायचा नाही. स्टारच्या शीट मी पर्समधून वाटायची. सोबत एक झेरॉक्स दिली होती, घरात लागणारी तीस इंग्रजी वाक्यं, त्याखाली देवनागरीत उच्चार. कम हिअर. वॉश युवर हँड्स. ईट युवर फूड. गो टू स्लीप. गुड गर्ल. आयांची सोय केली, असं मला वाटलं होतं.

बाकीच्या आठ घरांत काय चालायचं ते मला कळत होतं. आठवड्याचे सात स्टार रविवारी एकदम चिकटायचे, सातही सह्या एकाच पेनाने, एकाच घाईत. मी त्याकडे काणाडोळा करायची. पानं भरलेली दिसली की मुख्याध्यापिकाबाई खूश, व्यवस्थापन खूश. सगळे तेच करतात असं मी धरून चालले होते.

त्या मुलीच्या पानावर मात्र रोजची सही वेगळी असायची. कधी निळी, कधी काळी, कधी पेन्सिलीची, एकदा तर पिठाचं बोट लागलेलं. मी ते पाहिलं होतं. नीटनेटकेपणा नाही, एवढाच शेरा मनात मारला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की वर्ग शांत झालाय. तोंडाचा पट्टा बंद पडला होता. मुलगी वेळेवर यायची, स्टुलावर बसायची, विचारलं तेवढं सांगायची. इंग्रजीत, पूर्ण वाक्यात. आय हॅव कम्प्लीटेड माय होमवर्क, मिस. "आई म्हणते" तर कुठल्या कुठे गेलं होतं. पंधराव्या मजल्यावरच्या कुत्र्याचं पुढे काय झालं, हे बाकीच्या मुलांनी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, आय डू नॉट नो. मी स्टाफरूममध्ये सांगितलं, "बघा, एवढी बडबडी पोरगी, कशी वळणावर आणली." डबा खाता खाता सांगितलं मी हे. कोणीतरी मला त्यावर टाळी दिली.

डिसेंबरचं पान तपासताना एक चौकोन रिकामा दिसला. मधल्याच एका मंगळवारचा. स्टार नाही, सही नाही. जुलैपासून पहिल्यांदाच. मी लाल पेनने त्या चौकोनात "व्हाय?" असं इंग्रजीत लिहिलं आणि तिला उभं केलं.

"काय झालं मंगळवारी?"

तिने आधी त्या लाल शब्दाकडे पाहिलं. मग म्हणाली, "माय मदर टॉक्ड, मिस."

"मराठीत?"

"येस, मिस."

"किती?"

तिने मान खाली घातली. तिला कदाचित त्याचं इंग्रजी सुचलं नसेल. आठ जणांनी खोटे स्टार लावले होते, त्यांना मी चकार शब्द बोलले नाही. जिने खरा चौकोन रिकामा ठेवला, तिला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं, आणि तिच्या वहीत आईसाठी चिठ्ठी लिहिली. परीक्षा चार महिन्यांवर आली आहे, कृपया सहकार्य करावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शाळेच्या फाटकापाशी उभी होती. मी टॅक्सी न करता दादरहून बसने येते, लालबागच्या स्टॉपवर उतरून चालत. ती मला लांबूनच दिसली. चेहरा पार उतरलेला, डोळ्यांखाली काळं. काखेत एक मोठं पाकीट होतं, एक्स-रे ठेवतात तसलं. मी ते पाहिलं. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

"चुकला माझा, बाई," ती म्हणाली. घाबरली की ही माणसं घरच्या भाषेवर येतात. "परत नाय होवचा. चेडवाक नापास करू नका."

मी म्हणाले, "अहो, तुमच्याच मुलीसाठी सांगतेय मी. अजून चार महिने कळ काढा, मग काय हवं ते बोला तिच्याशी."

"चार महिने," ती म्हणाली. मग मान डोलावून निघून गेली, घोडपदेवकडे नाही, परळच्या दिशेने. हॉस्पिटलं तिकडेच आहेत. मी हाक मारून पाकिटाचं विचारू शकले असते, पण घंटा झाली आणि मी आत गेले.

त्यानंतर एकही चौकोन रिकामा राहिला नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तोंडीला शेजारच्या शाळेतून एक परीक्षक आल्या होत्या, मी बाजूला बसले होते. मुलीला विषय आला, माझी आई. तिने पाठ केलेली दहा वाक्यं अडखळल्याशिवाय म्हटली. माझी आई स्वयंपाक करते. माझी आई कष्टाळू आहे. परीक्षक खूश झाल्या. पाठ केलेलं नसलेलं काहीतरी विचारावं म्हणून त्यांनी सहज विचारलं, "तू शाळेतून घरी गेलीस की आई तुला काय म्हणते?"

"नथिंग," मुलगी म्हणाली.

मला वाटलं, आता मार्क जातात हिचे. मी हळूच म्हणाले, "फुल सेंटेन्स."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ताठ उभी राहून परीक्षकांना म्हणाली, "माय मदर सेज नथिंग."

पैकीच्या पैकी गुण मिळाले. नऊ जणांत ती पहिली आली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. तिच्या अंगावर शहारा आला, तो मला हाताला जाणवला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा सहावीच्या वर्गात ती दिसली नाही. दोन दिवस, चार दिवस. ब्रिजमधल्याच एका मुलीला मी जिन्यात विचारलं. ती म्हणाली, "मिस, तिची आई वारली ना मे महिन्यात. तुम्हाला माहीत नाही?" मला माहीत नव्हतं. मे महिन्यात मी शिवाजी पार्कला रोज सकाळी चार फेऱ्या मारत होते आणि पुढच्या वर्षीचे तक्ते कसे काढायचे याचा विचार करत होते.

पुढचं सांगण्याआधी थोडं आजचं सांगते, कारण मला जरा दम घ्यायचाय.

ब्रिजचा वर्ग अजून मीच घेते. तक्ते नाहीत, स्टार नाहीत. मुलं आली की पहिली दहा मिनिटं त्यांनी काल घरी काय झालं ते सांगायचं, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. मग त्यातलीच एक गोष्ट घेऊन आम्ही सगळे मिळून ती इंग्रजीत करतो. एकाला एक शब्द येतो, दुसऱ्याला दुसरा. चूक झाली तर झाली. ज्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं, तो त्यासाठी शब्द शोधतोच, मग भाषा कुठली का असेना. एवढी साधी गोष्ट आहे. कुठल्याही अंगणवाडीतल्या बाईने मला सांगितली असती. पालकसभेत आता मी आयांना सांगते, घरी भरपूर बोला. मालवणीत बोला, भांडा, गोष्टी सांगा, गाऱ्हाणी घाला. त्यांना वाटतं बाईंचं डोकं फिरलंय. एखादी विचारते, "पण बाई, मग इंग्लिश कसं येणार?" मी म्हणते, ते माझ्यावर सोडा. तेव्हा माझा आवाज फारसा मोठा नसतो.

हं. तर हे कळल्यानंतरच्या रविवारचं.

मी घोडपदेवला गेले. चाळीचा दुसरा मजला, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. वडील दारातच होते. सिक्युरिटीची निळी पँट आणि वर बनियन. त्यांनी लगबगीने शर्ट चढवला, खुर्ची पुसली, "बाई, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? उद्यापासून पाठवतो तिला शाळेत," असं म्हणाले. मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. मुलगी कोपऱ्यात बसून सहावीच्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं घालत होती. उठून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस," आणि परत खाली बसली.

स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर, जिथे लोक देवांचं कॅलेंडर लावतात, तिथे माझे तक्ते ओळीने चिकटवलेले होते. जुलैपासून एप्रिलपर्यंत दहा पानं. उन्हाने खिडकीकडची पानं पिवळी पडली होती, पण स्टार चमकत होते.

वडील म्हणाले, "तुमचा शब्द तिने खाली पडू दिला नाही, बाई." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. "घरात पाऊल टाकलं की पहिलं बघायची, पोरगी आहे का. असली तर गप्प. गॅलरीत शेजारणींशी बोलेल, माझ्याशी बोलेल, पोरगी आली की तोंड बंद. मग ते तुमच्या कागदावरचं, कम हिअर, ईट युवर फूड. पोरगी पहिल्यांदा लय रडायची. गळ्यात पडायची, आई बोल ना, आई बोल ना. नंतर तिलाच सवय झाली. कोणी चुकून मराठी बोललं तर हीच बोट ओठावर ठेवायची, स्टार जाईल म्हणून. मी बायकोला म्हटलं, अगं, बाईंनी असं नसेल सांगितलं. तर म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलंय. इंग्लिश येत नसेल तर गप्प बसा."

ते सांगत राहिले. दुखणं पोटात होतं, कळलं तेव्हा पुढे गेलेलं होतं. डिसेंबरात रिपोर्ट आला. मंगळवार होता.

"मी ड्युटीवरून आलो तर दोघी पलंगावर. पोरीचे केस सोडलेले, आई तेल लावतेय आणि बोलतेय. थांबतच नव्हती. भात करपला होता, घरभर वास, पण दोघींना पत्ता नाही. मला बघूनसुद्धा थांबली नाही ती. मग दोन-तीन दिवसांनी तुमची चिठ्ठी आली."

"काय बोलत होती?" मी विचारलं.

"पोरीलाच माहीत. मला सांगत नाही."

मुलगी कव्हराची घडी नखाने दाबत होती.

तोंडी परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला हॉस्पिटलात ठेवलं. निकाल लागायचा होता, म्हणून तिथेही तिने नेम मोडला नाही. मुलगी भेटायला गेली की तिचा हात हातात घेऊन म्हणायची, गुड गर्ल. भेटीची वेळ संपली की म्हणायची, गो टू स्लीप, कारण जा म्हणायला त्या कागदावर दुसरं वाक्य नव्हतं. निकाल लागला तो दिवस वडिलांना चांगला आठवत होता. ते धावत हॉस्पिटलात गेले. "मी कानाशी जाऊन म्हटलं, पास झाली, पहिली आली, आता बोल हिच्याशी, पोटभर बोल. पण तेव्हा तोंडात नळी घातलेली होती, बाई. हसली फक्त."

नळी शेवटपर्यंत निघाली नाही.

मी उठून मुलीजवळ खाली बसले. माझे गुडघे दुखतात, तरी बसले. कागदाचं एक टोक धरलं, म्हटलं, "मी मदत करू?"

"थँक यू, मिस. आय कॅन डू इट."

"मराठीत बोल गं बाळा. आता चालतं."

तिने पुढची घडी घातली. तिच्या मांडीवर इंग्रजीचं पुस्तक होतं. मला रडू आवरेना आणि तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार, म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. हाताला स्टारची एक जुनी शीट लागली. माणसाला काही सुचेनासं झालं की तो जे करता येतं तेच करतो. मी शिक्षिका, मला स्टार देता येतो. मी उठले, डिसेंबरच्या पानापाशी गेले. सगळे चौकोन भरलेले, मधला एक मोकळा, त्यात माझं लाल "व्हाय?". मी शीटवरचा एक स्टार सोलला. निदान तो लाल शब्द तरी झाकला जाईल, असं मला वाटलं.

मागून पावलं वाजली. मुलगी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिने त्या चौकोनावर आपला तळहात ठेवला.

"नको, बाई," ती म्हणाली. "त्या दिवशी आई बोलली होती."